सातवं मत

आरोग्य खात्याचं पत्र आलं तेव्हा थोरलीच्या तोंडात खिळे होते. जुन्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचा तिचा धंदा. आतला दबलेला फोम काढायचा, सैल पडलेले पट्टे ताणायचे, वर कापड ओढून धरायचं आणि ओठांतून एकेक खिळा काढत ठोकत जायचं. सव्वीस वर्षं ती हेच करत होती, त्यामुळे गिऱ्हाइकांशी तिचं निम्मं बोलणं भुवयांनीच चालायचं. पोस्टमननं पाकीट पुढे केलं, तिनं भुवईनंच ‘ठेव तिथे’ म्हटलं, आणि ते दोन दिवस कापडाच्या तुकड्यांखाली पडून राहिलं.

उघडलं तेव्हा कुणीतरी चेष्टा केलीय असंच तिला वाटलं. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून तेरा सामान्य नागरिकांची समिती नेमली होती आणि त्यात तिचा नंबर लागला होता. चार शनिवार बसायचं. प्रश्न एकच. चाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांच्या मानेची सरसकट सोनोग्राफी करायची मोहीम खातं पाच वर्षं चालवत होतं. ती चालू ठेवावी की थांबवावी? तज्ज्ञ पुरावे मांडतील, नागरिकांनी ते समजून घ्यावेत आणि शिफारस करावी.

तिनं ते पत्र फोनवर धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं.

“मग जा की,” धाकटी म्हणाली. “तुझ्याएवढं त्यातलं कुणाला कळतंय? तू नसतीस तर मी आज कुठे असते?”

धाकटी बोलायला लागली की फोन कानाशी दाबून धरावा लागायचा. तिचा आवाज नुसत्या हवेसारखा यायचा, मध्येच घासल्यासारखा. एके काळी हीच बाई बस स्थानकावर उद्घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरानं सुटणार, हे सांगणारा तो आवाज सबंध शहराच्या ओळखीचा होता. भाजीवाल्याकडे तिनं नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं तरी शेजारची बाई वळून बघायची. एकदा एका म्हाताऱ्या प्रवाशानं केबिनच्या काचेवर टकटक करून तिला सांगितलं होतं, की बाई, तुम्ही गाडी रद्द झाली म्हणून सांगता तेव्हाही वाईट वाटत नाही.

मोहिमेची पहिली गाडी बाजारापुढे उभी राहिली तेव्हा थोरलीनं स्वतःची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. मग ती धाकटीच्या मागे लागली. धाकटी टाळत होती. मला काही होत नाही, कशाला उगाच, रजा शिल्लक नाही. शेवटी थोरलीनं परस्पर तिच्या साहेबांना फोन करून दोन तासांची सवलत मागून घेतली आणि तिला हाताला धरून रांगेत उभं केलं. वाटाण्याएवढी गाठ निघाली. सुईनं तपासणी केली, कॅन्सर म्हणाले, आणि महिन्याभरात शस्त्रक्रिया होऊन गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढून टाकली. ‘अगदी वेळेवर आलात,’ डॉक्टर म्हणाले. आवाजाच्या नसेला धक्का लागला होता, आवाज सहा महिन्यांत परत येईल असंही ते म्हणाले. तो आला नाही. धाकटीला केबिनमधून पार्सल खोलीत बदलून दिलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर.

या पाच वर्षांत तिनं कधी कुरकुर केली नाही. कुणी हळहळलं की म्हणायची, “आवाजाचं काय घेऊन बसलात, जीव राहिला ना. आमच्या ताईची कृपा.” थोरलीला हे ऐकायला बरं वाटायचं. का नाही वाटणार?

पहिल्या शनिवारी समितीच्या खोलीत गेल्या गेल्या थोरलीनं खुर्चीची बैठक अंगठ्यानं दाबून पाहिली. नव्या होत्या, पण आत हलका फोम. वर्षभरात खड्डे पडणार. शेजारी कुलुपं दुरुस्त करणारा एक बोलका गृहस्थ बसला होता, तो दाराच्या कडीकडे बघत होता. “हे दार मी हेअरपिननं उघडून दाखवीन,” तो तिला म्हणाला. तिथेच दोघांचं जमलं.

सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता, ‘या विषयाशी आपला किंवा आपल्या कुटुंबातील कुणाचा काही संबंध आहे का?’ थोरलीनं तिथे सगळं लिहिलं. बहिणीची गाठ, शस्त्रक्रिया, आवाज. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. मग उठून तो कागद अध्यक्षांना नेऊन दाखवला. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं.

“मी बसू की जाऊ?” तिनं विचारलं.

“अहो, नागरिक म्हटल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरात कुणीतरी आजारी असणारच,” ते म्हणाले. “लपवलं नाहीत, झालं. बसा.”

खात्याच्या अधिकाऱ्यानं फॉर्मवर शिक्का मारला आणि फाइलला लावला.

दुसऱ्या शनिवारी आकडेवाली बाई आली. तिचं काम संख्याशास्त्राचं. समितीतल्या लोकांनी तिला पहिल्या तासातच आकडेवाली करून टाकलं आणि तिनंही ते चालवून घेतलं. तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. जिथे जिथे धडधाकट माणसांच्या माना सरसकट तपासल्या, तिथे गाठी सापडलेल्या रुग्णांची रेघ कड्यासारखी वर गेली होती. खाली दुसरी रेघ होती, या आजारानं मेलेल्यांची. ती आधी जशी आडवी होती तशीच पुढेही आडवी.

“म्हणजे सापडले तेवढे वाचले, म्हणून मेलेले वाढले नाहीत, असंच ना?” कुलूपवाल्यानं विचारलं.

“वाचवले असते तर खालची रेघ उतरायला हवी होती,” ती म्हणाली. “ती उतरली नाही. याचा अर्थ, जास्तीचे जे सापडले त्यातल्या बहुतेकांना त्या गाठीनं काहीच झालं नसतं. दुसऱ्याच कारणानं गेलेल्या माणसांची तपासणी केली तर त्यांच्यातल्याही कितीतरी जणांच्या मानेत अशा बारक्या गाठी मिळतात. त्यांना आयुष्यभर पत्ताही नसतो.”

थोरलीनं हात वर केला. तेरा जणांत ती सगळ्यांत कमी बोलायची, म्हणून अध्यक्षांनी लगेच तिला संधी दिली.

“पण मग कुणाला काढायला हवी होती आणि कुणाला नको होती?”

“ते सांगता येत नाही,” आकडेवाली म्हणाली. “हजारांबद्दल सांगता येतं, एकीबद्दल नाही. काही थोड्या जणींना खरंच फायदा झाला असेल. त्या कोण, ते नंतरही कळत नाही.”

त्या दिवशी थोरली बसमध्ये बसली नाही, घरापर्यंत चालत आली. आठवडाभर तिचं कामात लक्ष लागेना. एका दंतवैद्याच्या सहा खुर्च्या आल्या होत्या. त्यातल्या दोन खुर्च्यांना तिनं उलटं कापड चढवलं आणि पुन्हा उसवलं. ती स्वतःला समजावत राहिली, की धाकटी त्या थोड्यांपैकी असेल. का नसावी? मग त्या दोन रेघा आठवायच्या. वरची किती चढली होती.

तिसरा शनिवार खात्याच्या बाजूचा. आधी एका सर्जननं भाषण केलं. मग अधिकारी म्हणाला, “आता ज्यांचे प्राण या मोहिमेमुळे वाचले त्यांचे अनुभव ऐकू.” दार उघडलं आणि तीन बायका आत आल्या. तिसरी धाकटी होती. इस्त्रीची साडी, गळ्यावरचा व्रण दिसेल असे केस मागे बांधलेले. थोरलीकडे बघून ती किंचित हसली. तिनं हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. बहिणीला चकित करायचं होतं.

माईक अगदी ओठांना टेकवून ती बोलली. खोलीत पंखा बंद करावा लागला.

“मी गाड्यांची घोषणा करायचे. आता मी बोलले की लोक ‘काय?’ म्हणतात. चालतं. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. माझी बहीण मला ओढत घेऊन गेली नसती तर त्या मुलीला आई नसती. एवढंच सांगायचंय. हे बंद करू नका.”

एक-दोघांनी डोळे पुसले. कुलूपवाला थोरलीच्या कानाशी लागला. “या बाईसमोर ‘थांबवा’ म्हणायची कुणाची छाती आहे? मी तर बदललो बुवा.” बाई कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. थोरली खाली बघत राहिली.

बैठक संपल्यावर धाकटी पायऱ्यांवर थांबली होती.

“कसं झालं?”

“छान बोललीस.”

“घसा सुकला गं. तरी बरं, पाणी ठेवलं होतं.” मग तिनं थोरलीकडे नीट पाहिलं. “तुझं ठरलंय ना?”

“अजून एक शनिवार आहे.”

“त्यात ठरवायचं काय आहे, ताई?”

थोरलीनं बस आली म्हणून सांगितलं. बस तिची नव्हती, पण ती चढली.

चौथ्या शनिवारी सकाळपासून चर्चा चालली. कुणी म्हणालं, एक जरी जीव वाचत असेल तरी मोहीम हवी. कुणी म्हणालं, ज्यांच्या गळ्यावर उगाच सुरी चालली त्यांचं काय? एका शाळेच्या माळ्यानं विचारलं, की ज्यांच्या हाताला गाठ लागते, गिळताना अडकतं, त्यांची तपासणी तर होतच राहील ना? होईल, असं उत्तर मिळालं. थांबवायची ती फक्त धडधाकट बायकांना बोलावून आणण्याची मोहीम. दुपारी अध्यक्षांनी प्रत्येकाला दोन शब्द बोलायला सांगितलं. थोरलीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. बसून बोलायचं असं ठरलं होतं, तरी.

“गेल्या शनिवारी जी तिसरी बाई बोलली ती माझी सख्खी बहीण. तिला रांगेत उभी करणारी मी. ती म्हणाली ते खोटं नाही, तिला तसं वाटतं. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. पण त्या रेघा मी पाहिल्यात. न पाहिल्यासारखं कसं करू? दुसऱ्या कुणा बहिणीला कुणी असं ओढत नेऊ नये, एवढंच मला वाटतं.”

हात वर करून मतं घेतली. ‘थांबवा’ म्हणणारे सहा हात दिसले. अध्यक्षांची बोटं मोजत मोजत तिच्यापाशी आली. तिनं हात वर केला. सात. विरुद्ध सहा, त्यात कुलूपवाला. बैठक सुटल्यावर तो तिच्याजवळ आला आणि नुसताच हात जोडून गेला.

अहवाल छापून यायच्या आत आपल्या तोंडून सांगायला हवं, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, ती धाकटीकडे गेली. धाकटी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. भाची आंघोळीला गेली होती. थोरलीनं समोरची ताटली ओढून घेतली आणि तीही सोलायला लागली. हाताला काम असलं की तिला बोलायला सोपं जायचं.

तिनं सुरुवातीपासून सांगितलं. रेघा, आडवी आणि उभी. हजारांबद्दल सांगता येतं, एकीबद्दल नाही, हेही तिला सांगायचं होतं. वाटेत तिनं ते मनात घोकलंही होतं. पण धाकटी मध्येच म्हणाली, “म्हणजे तू ‘बंद करा’ म्हणालीस?”

“हो.”

“मी तिथे येऊन बोलून गेल्यावर?”

“तुझ्याबद्दल नव्हतं ते मत.”

“मग कुणाबद्दल होतं? माझ्याबद्दलच असणार ना. तुझ्या घरात दुसरं कुणाचं नरडं कापलंय?”

“अगं ऐक तरी.”

“काय ऐकू? स्पष्ट सांग ना. माझं ऑपरेशन करायला हवं होतं की नव्हतं?”

थोरलीला रात्र रात्र झोप नव्हती. पाच वर्षं ऐकलेली ती कृपा तिच्या छातीवर बसली होती आणि ती एकदाची खाली उतरवायची होती.

“नव्हती गं गरज,” ती म्हणाली. “उगाच नेलं मी तुला. नव्हती गरज.”

धाकटीनं हातातली शेंग ठेवली. न्हाणीघरातला नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

“तुझ्यामुळे आवाज गेला, हे मी कधी तोंडातून काढलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “मनातही आणलं नाही. जीव वाचवला म्हणून गेला, असं म्हणायचे आणि कामाला जायचे. आता ते म्हणायचंही राहिलं नाही. तेही नेलंस तू.”

“अगं—”

“जा आता. ती बाहेर येईल. तिच्यासमोर नको.”

थोरली उठली. दारापाशी चप्पल घालताना तिला वाटलं, ही हाक मारेल. पण हाक मारण्याजोगा आवाज धाकटीला राहिलाच नव्हता, आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

नंतरचे पाच आठवडे धाकटीनं फोन उचलला नाही. थोरलीला वाटलं, निदान मोहीम तरी थांबेल. मग खात्याचं दुसरं पत्र आलं. समितीच्या कामाबद्दल आभार मानले होते. खाली असं होतं, की एका सदस्याच्या कुटुंबात या आजाराचा रुग्ण असल्यानं त्या सदस्याचं मत हितसंबंधाच्या कारणास्तव ग्राह्य धरता येत नाही. उरलेली मतं सहा विरुद्ध सहा. बहुमत नसल्यानं मोहीम पूर्वीप्रमाणे चालू राहील.

ती दुकानाला कुलूप लावून तशीच खात्यात गेली. तोच अधिकारी होता. त्यानं तिला बसायला सांगितलं, फाइल काढली आणि फॉर्म पुढे ठेवला.

“हे अक्षर तुमचंच ना?”

“माझंच. पहिल्या दिवशी लिहून दिलंय. तुम्हीच शिक्का मारलाय.”

“म्हणूनच तर आमच्याकडे आहे.”

“तेव्हा का नाही उठवलंत मला? मी विचारलं होतं, बसू की जाऊ.”

“तेव्हा तुमच्या मतानं निकाल ठरणार आहे हे कुणाला माहीत होतं?” तो अगदी शांतपणे म्हणाला. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, त्याचाच तिला जास्त राग आला.

“आणि माझं मत दुसऱ्या बाजूला पडलं असतं तर?”

“तसं झालं नाही ना.”

“माझ्या बहिणीला तुम्ही बोलायला आणलंत. तिचा नाही का संबंध?”

“त्या अनुभव सांगायला आल्या होत्या, बाई. मत द्यायला नाही.”

तिथून ती मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी तिला चहा दिला, आपण खात्याला पत्र लिहिल्याचं सांगितलं, त्याला उत्तर आलं नसल्याचंही सांगितलं. “मी समितीचा अध्यक्ष होतो,” ते म्हणाले, “खात्याचा नव्हतो.” आकडेवालीला तिनं फोन केला. तिची बदली झाली होती. “तुम्ही काहीच चूक केली नाहीत,” ती म्हणाली. थोरलीनं ‘बरं’ म्हटलं. चूक केली नाही हे तिला ठाऊक होतं; ते घेऊन करायचं काय, एवढंच कळत नव्हतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी भाची दुकानात आली. आता एकोणीस वर्षांची, पहिल्यापासून मावशीची लाडकी. ती उसवलेल्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

“मावशी, आईचं काहीतरी बिघडलंय. सारखी झोपते. तोंड सुजलंय. उन्हात स्वेटर घालून बसते. परवा एकाचं पार्सल दुसऱ्याला दिलं तिनं, साहेब बोलले.”

“गोळी चालू आहे ना?”

भाचीनं खुर्चीच्या उसवलेल्या कापडाचा एक दोरा ओढला. मग म्हणाली, “तेच सांगायला आले. काल कपाट आवरताना तीन पाकिटं सापडली, भरलेली. तू येऊन गेलीस त्या दिवसापासून घेतच नाहीये. मी विचारलं तर म्हणाली, ऑपरेशनचीच गरज नव्हती तर गोळीची कसली गरज?”

थोरलीच्या हातातली हातोडी खाली आली. ग्रंथी काढलेल्या बाईला ती गोळी म्हणजे जेवणाखाण्यासारखी, हे तिला पाच वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी समजावलं होतं. गरज असो वा नसो, ग्रंथी तर गेलीच होती.

“डॉक्टरांकडे नेलंस?”

“येत नाही. मावशी, एक विचारू? खरंच गरज नव्हती?”

“माहीत नाही,” थोरली म्हणाली. “बहुतेकींना नसते. तुझ्या आईला होती की नव्हती, हे कुणालाच सांगता येत नाही.”

“आईला तू असं सांगितलंस?”

थोरली खुर्चीतून निघालेले खिळे वेचू लागली.

“आई तर म्हणते, ताई म्हणाली गरज नव्हती. ‘माहीत नाही’ असं तू म्हणाली होतीस, हे ती कधी बोलली नाही.”

“मी म्हणालेच नव्हते.”

भाचीनं मान खाली घातली. तिला दोष द्यायचा नव्हता, पण तो देऊन झाला होता.

दोघी तशाच बस स्थानकावर गेल्या. पार्सल खोली मागच्या बाजूला, लोखंडी जाळीच्या खिडकीची. आत खोक्यांचे ढीग आणि मध्ये स्टुलावर धाकटी. चेहरा फुगलेला, डोळे बारीक झालेले. थोरलीला बघून तिनं तोंड फिरवलं नाही. फिरवायलाही तिला वेळ लागला असता.

“पोरीनं सांगितलं वाटतं,” ती म्हणाली.

“ती गोळी घे. आजपासून घे. आधीचं काय असेल ते असो, पण ही लागतेच. ग्रंथी नाहीये तुझ्या अंगात.”

“नक्की?”

“नक्की. याबद्दल खात्री आहे मला.”

“रांगेत उभी केलीस तेव्हाही खात्री होती,” धाकटी सावकाश म्हणाली. एकेक शब्द ओढत आणत होती. “त्या रविवारी शेंगा सोलत बसलीस तेव्हाही होती.”

“त्या दिवशी मी चुकले. मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. आकडेवालीनं तसंच सांगितलं होतं. होती की नव्हती, कुणालाच माहीत नाही. माझ्या जिवाला लागलं होतं म्हणून मी...”

“आता माहीत नाही म्हणतेस.”

“हो.”

“बरं. मग मी काय धरून बसू? वाचले, की फुकट कापली गेले? कुठलं सांगू लोकांना?”

जाळीवर ठेवलेला बहिणीचा हात थंड होता, तो थोरलीनं धरला. धाकटीनं तो काढून घेतला नाही, की परत दाबलाही नाही.

तेवढ्यात एक माणूस पावती घेऊन आला. धाकटीनं त्याला काहीतरी विचारलं. “काय?” तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. तो जाळीला कान लावून पुन्हा “काय?” म्हणाला. भाचीनं पुढे होऊन सांगितलं, “आई विचारतेय, खोकं किती किलोचं.” माणसानं सांगितलं. धाकटी हात सोडवून उठली आणि ढिगाकडे गेली. खोकं शोधायला तिला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ थोरली खिडकीशी उभी राहिली. खोकं दिल्यावर धाकटी पुन्हा स्टुलावर बसली आणि वहीत लिहू लागली. वर पाहिलं नाही.

तिनं गोळी घेतली, पण त्या दिवशी नाही. आठवड्यानं पार्सल खोलीतच घेरी येऊन पडली, दवाखान्यात नेली, तिथल्या डॉक्टरांनी खडसावलं आणि तिथून सुरू झाली. दोन महिन्यांनी सूज उतरली, कामात चुका होईनाशा झाल्या. हे सगळं भाचीनं कळवलं. थोरलीनं दवाखान्यात यायचं का विचारलं होतं, तर भाची आईला विचारून आली आणि म्हणाली, “नको मावशी. ती विचारते आहे, मी इथे आहे हे ताईला कुणी सांगितलं.”

आता दोघी बोलतात. भाचीच्या परीक्षेचं, गॅसचं, पाण्याचं. धाकटी फोनवर ‘हो’, ‘बरं’, ‘सांगते’ एवढंच म्हणते, आणि तिचा आवाज असा, की त्यातून राग आहे की नाही ते ओळखता येत नाही. कुणी गळ्याच्या व्रणाबद्दल विचारलं, तर पूर्वी सांगायची ते आता सांगत नाही. “ऑपरेशन झालं होतं,” म्हणते आणि पावतीवर नंबर घालते.